श्वास घ्यायला जागाच नव्हती

फेब्रुवारी 2019 मध्ये ‘गली बॉय’ हा रॅपरच्या गोष्टीवरचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि पुढच्या काही महिन्यांत माझ्याकडे रॅप ध्वनिमुद्रित करून मागणाऱ्या मुलांची रीघ लागली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील माझा स्टुडिओ म्हणजे घरातलीच एक खोली होती. तिथे मी कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवून त्याच्यासमोर गायकाला उभे करीत असे आणि दोन्ही बाजूंच्या स्टँडवर आईने शिवलेल्या गोधड्या टाकीत असे. कपडे आणि गोधड्या आवाजाचा घुमारा शोषून घेतात. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र त्यांनाही आवरत नाहीत. येणारी बहुतेक मुले हिंदीत लिहीत. जूनमधल्या एका रविवारी घाटकोपरच्या रमाबाई नगरातून आलेला मुलगा मराठीत लिहीत होता. त्याला चार गाणी एका दिवसात करायची होती, कारण दुसऱ्या दिवसाचे पैसे त्याच्याकडे नव्हते. सोबतीला एक मित्र होता. तो बॅग सांभाळत दाराशी बसून राहिला.

पहिल्याच गाण्याला गाडी अडली. बीट, म्हणजे मागे वाजणारे संगीत, मिनिटाला 90 ठोक्यांचा होता. चार ठोक्यांचा एक बार धरला, तर 16 बारचा एक व्हर्स, म्हणजे कडवे, साधारण 43 सेकंदांत संपतो. मुलगा पहिले चार बार जोरकस म्हणे, आठव्या बारला त्याचा आवाज बारीक होई आणि दहाव्याच्या आसपास शेवटची अक्षरे पार गळून पडत. आठ-नऊ प्रयत्न झाले तरी तेच. पंखा बंद ठेवावा लागत असल्यामुळे तो घामाने निथळत होता, आणि उकाड्याने दमला असेल, अशी मीही स्वतःची समजूत घालत होतो.

शेवटी मी त्याला विचारले, “हे तू घरी कसं म्हणतोस?” तो म्हणाला, “दादा, घरी मोठ्यानं कुठं म्हणणार? रात्री सगळे झोपलेले असतात. लोकलमध्ये लिहितो, तोंडातल्या तोंडात म्हणतो.” ते चारही व्हर्स त्याने आजवर एकदाही पूर्ण आवाजात म्हटलेले नव्हते. पुटपुटताना जेवढी हवा लागते, तिच्या हिशेबाने त्याने ओळी ठासून भरल्या होत्या, आणि खुल्या आवाजात श्वास घ्यायला त्यांत जागाच उरली नव्हती. त्यात त्याचे शब्दही घाम, भूक, धूर, भाकर असे होते. शाळेच्या व्याकरणात ज्यांना महाप्राण म्हणतात, त्या व्यंजनांना फुफ्फुसातून किती हवा लागते, हे मला मीटरची सुई नाचताना त्या दिवशी नीट दिसले.

यावर ठरलेला उपाय होता. चार-चार बार वेगवेगळे मुद्रित करून जोडायचे आणि मधले श्वास कापून टाकायचे. तसे केले. जोडलेले गाणे स्वच्छ होते, एकही अक्षर निसटत नव्हते, आणि ऐकताना आपलाच दम कोंडल्यासारखे वाटत होते. मला ते एक वेळ चालले असते, कारण घड्याळ पुढे सरकत होते. हे कबूल करायला हवे. मुलालाच ते पटले नाही. “हे मी स्टेजवर कसं म्हणू?” असे त्याने विचारले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बीट त्याने इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला होता आणि तो एकाच मिसळलेल्या फाइलमध्ये मिळाला होता, त्यामुळे वाद्ये वेगळी करून कुठे मोकळी जागा काढावी, तर तीही सोय नव्हती. ओळी छाटायला तो तयार नव्हता, आणि ओळी चांगल्या असल्यामुळे मीही फार आग्रह धरला नाही.

त्याच्या काही महिने आधी मी एका शाहिरी पथकाचे ध्वनिमुद्रण केले होते. पोवाड्यात शाहीर चौकाच्या, म्हणजे कडव्याच्या, शेवटी येतो तेव्हा मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत सूर उचलून धरतात. ती केवळ सजावट आहे, असे मी पूर्वी समजत असे. पण त्या मुद्रणात शाहिरांच्या माइकचा एकट्याचा ट्रॅक ऐकला, तेव्हा प्रत्येक झिलेखाली त्यांचा खोल श्वास ऐकू आला होता. हे मी मुलाला सांगू लागलो, तर त्याने मला पुरते बोलूही दिले नाही. 14 एप्रिलचे, आंबेडकर जयंतीचे शाहिरी कार्यक्रम पाहतच तो मोठा झालेला होता. त्याने दाराकडे वळून मित्राला हाक मारली, “ए, ये इकडं.”

मित्राने कधीच काही गायलेले नव्हते, पण लोकलच्या रोजच्या प्रवासात ऐकून त्याला चारही गाणी पाठ होती. दर चौथ्या बारचा शेवटचा शब्द आम्ही त्याला दिला. एकच माइक असल्याने दोघांना गोधड्यांमध्ये दाटीवाटीने उभे केले, मित्राला अर्धे पाऊल मागे. चौथ्या प्रयत्नात पहिला व्हर्स सलग मिळाला. मुलगा श्वास घेत होता ते नीट ऐकू येत होते, आणि मी ते कापले नाहीत. तिसऱ्या गाण्यात मित्राने एक शब्द उशिरा उचलला, तोही तसाच राहू दिला. चौथे गाणे त्या दिवशी झाले नाही. ते पुढच्या रविवारी मी पैसे न घेता केले.

गाणी ऑनलाइन टाकताना श्रेयांचा फॉर्म भरायचा होता. मित्राच्या नावापुढे ‘झीलकरी’ लिहावे, असा मुलाचा हट्ट होता. यादीत तो पर्याय नव्हता, त्यामुळे ‘अतिरिक्त आवाज’ निवडावे लागले.