शिवणाचा तास

स्मरणिकेच्या मराठी विभागासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वर्गमैत्रिणींनी आधीच बजावलं, "शिस्त आणि संस्कारांवर लिहू नकोस बाई, ते बाकीच्या सगळ्या लिहिणारच आहेत." म्हणून मी शिवणाच्या तासावर लिहिते.

वीतभर पांढरी पट्टी. तिच्यावर आधी धावदोरा, मग साखळीचा टाका, मग काजं. खरी परीक्षा काजांची. चीर पाडून कडेने टाके असे लगटून घ्यायचे की कापडाचा एक धागा डोकावता कामा नये. सिस्टर पट्टी खिडकीकडे धरून बघायच्या, कात्रीच्या टोकाने सगळं उसवायच्या आणि हसून परत द्यायच्या. नारायण पेठेतून बस बदलत कॅम्पात यायचं ते इंग्रजी शिकायला की शिंपीकाम, असा आमचा सवाल. 'नन्सच्या शाळेत' घातलं म्हणून नाराज असलेल्या आजीला मात्र साऱ्या शाळेत तेवढी एकच गोष्ट पटली होती. चष्मा पुसून ती पट्टी निरखायची. "हात बसतोय हो पोरीचा."

पुढे आमची शाळा चालवणाऱ्या नन्सच्या संघाचा इतिहास वाचला. जीझस अँड मेरी संघाच्या संस्थापिका क्लोदीन तेवने या फ्रान्समधल्या ल्याँच्या, रेशीम व्यापाऱ्याच्या घरातल्या. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, जानेवारी १७९४ मध्ये, त्यांच्या दोन भावांना मृत्युदंड झाला. मारणाऱ्यांना क्षमा कर, एवढं सांगून ते गेले. क्लोदीन तेव्हा १९ वर्षांच्या. त्या धक्क्याने जडलेला डोक्याचा कंप जन्मभर राहिला. १८१५ मध्ये एका तरुण धर्मगुरूंनी चर्चच्या पायरीवर सापडलेल्या दोन पोरक्या मुली त्यांच्याकडे आणल्या, आणि काम सुरू झालं. १८१८ मध्ये संघ स्थापन झाला. अशा मुलींना तिथे लिहावाचायला शिकवत, तसं रेशमाचं कामही. पोट भरण्याइतकी कला हातात हवी, हा रोकडा विचार. क्लोदीन १८३७ मध्ये गेल्या. पाच वर्षांनी संघाच्या सहा सिस्टर्स आग्र्याला पोचल्या, रेल्वे नसलेल्या हिंदुस्थानात! मसुरी, सिमला, पुणे हे सगळं त्यानंतरचं.

म्हणजे आमची काजं थेट ल्याँहून आली, असा माझा आपला अंदाज. कागदोपत्री पुरावा मागू नका. क्लोदीनना १९९३ मध्ये संतपद मिळालं, तेव्हा घरात मी हे सगळं सांगत सुटले होते, आजी असती तर म्हणाली असती, "मग आधी का नाही सांगितलंस?"

कुणाकडे शिवणाच्या जुन्या पट्ट्या उरल्या असतील तर मेळाव्याला घेऊन या. उसवलेल्या असल्या तरी चालतील.