वाक्याचं शेपूट

माझ्या शिलाई मशीनला मोटर बसवून नऊ वर्षं झाली. पायांना आराम मिळाला, पण कानाला एक घरघर कायमची चिकटली. पायडल दाबलं की घर्रर्र, सोडलं की गप्प. या घरघरीतून ज्याचा आवाज माझ्यापर्यंत नीट पोचतो, तो पुस्तक वाचणारा चांगला. माझी परीक्षा एवढी साधी आहे. नाटकातले, मालिकांतले, रेडिओवरचे असे बरेच जण या परीक्षेला बसलेत आणि भलेभले नापास झालेत.

मी कऱ्हाडात ब्लाऊज शिवते. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्यामुळे एके काळी वाचन बरं होतं. वाचनालयाची वर्गणी अजूनही भरते, पण आणलेलं पुस्तक बहुतेक वेळा जसंच्या तसं परत जातं. हात कापडात आणि डोळे टाक्यावर. रिकामे राहिले ते कान. पुस्तकं वाचून ऐकवणारं स्टोरीटेल हे ॲप २०१७ च्या शेवटी भारतात आलं आणि सुरुवातीपासून त्यात मराठी पुस्तकं होती, पण मला पत्ता लागला तो २०२० मध्ये, मास्क शिवताना. मास्कची शिलाई म्हणजे नुसत्या सरळ रेघा. डोक्याला काही काम नाही, आणि डोकं रिकामं राहू नये असेच ते दिवस होते. भाच्यानं फोनमध्ये ते टाकून दिलं.

तेव्हापासून पुस्तकाची लांबी मी ब्लाऊजांत मोजते. कापून ठेवलेला अस्तराचा ब्लाऊज शिवायला मला दोन तास लागतात. बारा तासांची कादंबरी म्हणजे सहा ब्लाऊज. कुठली गोष्ट कुठल्या कापडावर ऐकली हेही लक्षात राहतं. एका रहस्यकथेतला खून एका मोरपंखी ब्लाऊजाच्या बाहीवर झाला. ती बाई तो ब्लाऊज घालून लग्नाला निघताना दाखवायला आली, तेव्हा मला कसंतरीच झालं.

तर निवेदक. माझी सगळ्यात मोठी तक्रार आवाजाबद्दल नाहीच. आवाज बहुतेकांचे चांगलेच असतात, म्हणून तर त्यांना बोलावतात. तक्रार आहे वाक्याच्या शेपटाबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागं. ‘त्यानं ते पत्र शेवटपर्यंत उघडलं नाही.’ आता वाचणाऱ्याचा श्वास ‘उघडलं’पाशी संपला आणि ‘नाही’ त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये पडलं, तर माझ्या घरघरीत मला काय ऐकू येणार? त्यानं पत्र उघडलं! हे माझ्या बाबतीत खरंच झालंय. पुढची चाळीस मिनिटं मी वाट बघत बसले की पत्रात काय होतं ते आता सांगतील, मग सांगतील. शेवटी मागं जाऊन पुन्हा ऐकलं, आणि तेवढ्या वेळात शिवलेली बाही उलटी लागली होती ती उसवली.

भारदस्त आवाजाचे पुरुष या बाबतीत जास्त गुन्हेगार. त्यांचा खर्ज मोटरच्या घरघरीत मिसळूनच जातो. वाक्य सुरू करताना गड चढल्यासारखा जोर, आणि शेवटाकडे उतार लागला की घसरगुंडी. गाणारा कितीही ताना घेऊ दे, समेवर आला नाही तर आपण त्याला गवई म्हणत नाही. वाचणाऱ्याची सम वाक्याच्या शेवटच्या शब्दावर असते असं माझं मत आहे.

माझ्या या श्रवणात एक भागीदार आहे. माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हूक लावता येतात, साडीच्या फॉलला हातशिलाई करता येते, पण सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून सकाळी मी दहा सुया ओवून गादीला टोचून ठेवते. दहाव्या सुईचा दोरा संपला की त्यांचं दुपारचं झोपायचं. आधी मी एका कानात इअरफोन घालून एकटीच ऐकायचे. एकदा मी मधेच हसले, तर आत्या म्हणाल्या, “एकटीच काय हसतीस? लोकं म्हनतील सासू येडी म्हनून सून येडी झाली.” दुसऱ्या दिवशी छोटा स्पीकर आणला.

आत्या म्हसवडकडच्या. माणदेशातली भाषा त्यांच्या जिभेवर आहे, आणि निवेदकांची खरी पंचाईत त्यांच्यापुढं होते. शहरातल्या निवेदकाला खेडूत माणूस दिसला की त्याच्या अंगात तमाशातला सोंगाड्या येतो. उगाच हेल, उगाच ‘व्हय वं’, प्रत्येक म्हातारा बेडकासारखा घोगरा. गोष्ट वऱ्हाडातली असो, मालवणातली असो की माणदेशातली, सगळ्यांची बोली एकच: सिनेमातली. लेखकानं बिचाऱ्यानं शब्द शब्द वेचून त्या मुलखाचा लिहिलेला असतो. तो नुसता लिहिल्यासारखा वाचला तरी पुरे. एका कथेतला धनगर बोलायला लागला तशा आत्यांनी सुई थांबवली. “ह्यो कुठला धनगर? आमच्याकडं मेंढरं बी ह्याच्यापेक्षा बरं बोलत्यात.”

तसंच बायकांच्या संवादांचं. वाचणारा पुरुष असला की बाई बोलायला लागताच आवाज बारीक, नाकातून, आणि जराशी लाडिक. साठ वर्षांची विधवासुद्धा लाडिक! ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीत तर सहा जण आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. अशी कादंबरी सहा आवाजांत ऐकायला मला आवडेल. पण एकाच आवाजात वाचायची असेल, तर कुंतीसाठी आवाज बारीक करण्यापेक्षा सावकाश वाचावं. आईला सांगायला जड जातंय हे तेवढ्यानं कळतं.

एकच मजकूर वेगवेगळ्या आवाजांत ऐकायचा असेल तर ‘श्यामची आई’सारखं पुस्तक नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ते पुस्तक सगळ्यांचं झालंय. यूट्यूबवर कितीतरी जणांनी ते वाचून टाकलंय. शिवाय ते मुळातच सांगायचं पुस्तक. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं, श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतोय, अशा बेचाळीस रात्री. मागच्या दिवाळीच्या घाईत, म्हणजे रोज रात्री एकपर्यंत मशीन चालू असताना, आम्ही दोघींनी ते तीन आवाजांत ऐकलं. कुणाची नावं घेत नाही. हौसेनं, फुकट वाचणारी माणसं आहेत.

पहिला आवाज शाळामास्तरी. उच्चार नितळ, पण प्रत्येक वाक्यानंतर बोट वर करून ‘समजलं का?’ म्हणतील असं वाटत राहायचं. आई चांगली आहे, हे त्यांना आमच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

दुसऱ्यानं बासरी लावली होती. दुःख आलं की बासरी. एक-दोन रात्री ठीक, पण नंतर बासरीचा पहिला सूर आला की आत्या म्हणायच्या, “आलं बघ रडू.” आणि ते गृहस्थ खरंच रडायचे. गळा भरून यायचा, वाक्य तुटायचं, मोठा श्वास, मग पुन्हा बासरी. माझे डोळे कोरडे. आत्यांचेही. मला वाटलं आम्ही दोघी दगड झालोय की काय. तेव्हा आत्या म्हणाल्या, “त्यानंच समदं रडून घेतलं. आपल्याला काय शिल्लक ठेवलंय?”

तिसरी एक मुलगी होती. आवाज साधा, थोडा कोरडाच. श्यामचा ‘मी’ बाईच्या आवाजात कसा वाटेल अशी मला शंका होती, ती पाच मिनिटांत गेली. तिच्यातली आणि बाकीच्या दोघांतली तफावत मला कळली ती ‘अळणी भाजी’च्या रात्री. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील त्याबद्दल चकार शब्द न काढता जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून पोरंही बोलत नाहीत, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. त्या प्रकरणाचा सगळा जीव कुणीतरी काहीतरी न बोलण्यात आहे. मास्तरांनी वडिलांच्या जेवणापाशीच असा काही आवाज लावला की हे फार थोर चाललंय हे आम्हाला आधीच समजलं. बासरीवाल्यांनी बासरी लावली. मुलीनं ते जेवण जेवणासारखं वाचलं. रोजचं ताट, रोजची भाजी. मग आई पहिला घास घेते तिथं ती एक क्षण थांबली. एकच क्षण. माझा पाय पायडलवरून आपोआप उचलला गेला. आत्यांनी सुई गादीला टोचली आणि पदर डोळ्याला लावला.

तिच्याशी एका गोष्टीवरून मात्र माझं भांडण आहे. त्या काळच्या पुस्तकात ‘होते’, ‘केले’, ‘गेले’ असं छापलंय. मास्तरांनी ते जसंच्या तसं वाचलं: ‘पाणी थंड होते.’ मुलगी बोलल्यासारखं ‘होतं’ वाचते, पण लक्ष सुटलं की मधेच ‘होते’ येतं, पुढच्या ओळीत परत ‘होतं’. जसं एका बाहीला चुण्या आणि दुसरी सपाट. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण दोन्ही बाह्या सारख्या हव्यात. आत्यांना ‘होतं’च हवं. ‘होते’ म्हणणारा माणूस त्यांना तलाठी वाटतो.

हल्ली यंत्रानं वाचलेली पुस्तकंही निघाली आहेत. त्यांचं शेपूट कधी पडत नाही, दमही लागत नाही, हे मान्य. पण मी ऐकलेल्या एका यंत्रानं ‘असं केलं’ हे ‘असम् केलम्’ असं वाचलं. आपण तो टिंब अनुनासिक म्हणून देतच नाही, शेवटचा ‘अ’ लांबवायला देतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. आणि च-ज तर विचारू नका. ‘चार पेंढ्या चारा’ यातला पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा, हे कागदावर दिसत नाही, ते आईच्या तोंडून कानात पडावं लागतं. यंत्राला आई नाही, त्याचा काय दोष. पण हाडामांसाच्या काही तरुण निवेदकांनाही ‘जरा थांब’मधला ज आणि म्हातारपणाची ‘जरा’ एकाच मापानं कापताना ऐकलंय. त्यांच्या आया तर असतील ना!

काही जण म्हणतात, पु. लं.चं ऐका, म्हणजे वाचन काय ते कळेल. माझ्या वडिलांकडे त्यांच्या कॅसेट होत्या, मी त्यावरच वाढले. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघंही गावोगाव कथा सांगत हिंडले. पण ते कथाकथन. गोष्ट त्यांची, शब्द त्यांचे, समोर माणसं बसलेली. हशा आला की थांबायचं, नाही आला तर एक वाक्य वाढवायचं, याची त्यांना मुभा. बंद खोलीत माईकपुढं दुसऱ्याचं पुस्तक वाचणाऱ्याला एक शब्द इकडचा तिकडं करता येत नाही आणि हशाही ऐकू येत नाही. त्यानं पु. लं.सारखं वाचायला घेतलं की आत्मविश्वासानं स्वतःच आधी हसतो. ते ऐकवत नाही.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी लाइट गेली. मशीन बंद, स्पीकरचं चार्जिंग संपलेलं, फोन पाच टक्क्यांवर. आत्यांच्या हातात तीन हूक राहिलेला ब्लाऊज. म्हणाल्या, “तूच वाच की काहीतरी. एवढी शिकल्यालीस.” पोराच्या कपाटातून ‘श्यामची आई’ काढली, आणीबाणीचा दिवा उशाशी ठेवला आणि मुद्दाम ‘अळणी भाजी’च काढली. मनात त्या मुलीचा आवाज होता. रडायचं नाही, शिकवायचं नाही, सगळीकडे ‘होतं’, आणि आईच्या घासापाशी एक क्षण थांबायचं. थांबलेसुद्धा. स्वतःवरच खूश होऊन पुढचं वाचत होते, तोच आत्या म्हणाल्या, “अगं, पर भाजीत मीठ हुतं का न्हवतं? तू शेवटाला तोंडातल्या तोंडात बोलतीस.”

मी पान मागं उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.