कडाक्याच्या थंडीत दोनदा पडलेलं डिझेलचं प्रेशर

चढ सुरू झाला आणि गाडीचा दम गेला. अॅक्सिलरेटर तळाला टेकवूनही आरपीएम 1,400 च्या वर जाईना, मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी 0087, म्हणजे रेल प्रेशर (नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब) कमी. पहाटेचे पाच, बाहेर उणे 14 अंश, गाडीत मी आणि माझा जोडीदार. चार दिवसांच्या या फेरीत प्रेशर दोनदा पडलं. लक्षणं दोन्ही वेळा तीच होती, कारणं मात्र एकमेकांच्या अगदी उलट. थंडीत डोंगर ओलांडणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकी आम्ही खाली, उबदार भागात काठोकाठ भरली होती. तिथलं डिझेल तिथल्या हवामानासाठी बनवलेलं असतं. डिझेलमध्ये मुळातच मेण विरघळलेलं असतं आणि ठरावीक तापमानाखाली त्याचे बारीक कण सुटायला लागतात. डिझेल दगडासारखं गोठायची वाट बघावीच लागत नाही. ते अजून वाहत असतानाच हे कण फिल्टरच्या कागदावर साचतात आणि इंजिनाचा घास अडतो. मोठी टाकी हळू गार होते. बाहेरच्या बाजूला असलेला फिल्टर आणि बारीक पाइप मात्र वाऱ्यात पटकन गार पडतात. म्हणून रात्री उभी केलेली गाडी सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं चालते आणि मग चढावर मान टाकते.

निघण्याआधी एक काम करून ठेवलं होतं, त्यानेच ही फेरी वाचली. पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्या मधे टी जोडून व्हॅक्यूम गेज बसवला होता आणि पंपाच्या पुढे साधा प्रेशर गेज. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या भागात काय चाललंय हे प्रेशरचा काटा एकटा सांगू शकत नाही. गाडी धडधाकट असताना ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, पाऱ्याच्या 4 इंच असायची. त्या पहाटे काटा 15 वर होता आणि पंपापुढे 5 बारच्या जागी जेमतेम दीड. ओढ वाढलेली आणि प्रेशर पडलेलं, याचा अर्थ पंप जीव तोडून ओढतोय पण वाट बंद आहे.

आधी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकीचा श्वास घेण्याचा मार्ग बर्फाने बुजला तरी काटा असाच चढतो, आणि झाकण उघडताच हवा आत खेचल्याचा आवाज येतो. तसं काही झालं नाही. मग वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) खालून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढलं. धुक्यासारखं गढूळ, आत पांढरट तंतू. बाटली केबिनमध्ये हीटरसमोर धरून बसलो. वीसेक मिनिटांत तंतू विरले आणि डिझेल पुन्हा स्वच्छ पिवळं दिसायला लागलं. तळाशी पाण्याचे दोन टपोरे थेंब तेवढे वेगळे राहिले. मेण उबेने विरतं, पाणी तळाशी बसतं. इतकी साधी आणि खात्रीची परीक्षा दुसरी नाही.

केबिनमध्ये उबेला ठेवलेला नवा फिल्टर चढवला, फिल्टरच्या भांड्याला गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली, हँडपंपाने एअर काढली. गाडी सुरू झाली. रिटर्न लाइनमधून गरम डिझेल टाकीत परतत राहतं, म्हणून लगेच न पळवता तिला तापू दिलं. पुढच्या पंपावर हिवाळी डिझेल भरलं.

दुसऱ्या रात्री थंडी कमी होती, उणे 9. तरीही सकाळी सेल्फ मारून मारून गाडी लागली आणि लगेच बंद पडली. पुन्हा तोच कोड. जोडीदार म्हणाला, "दादा, परत गोठलं. फिल्टर काढूया." मी म्हटलं, "थांब, आधी काटा बघू." काटा फक्त 1 इंचावर होता. वाट बंद असती तर तो चढला असता. पंपाआधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला आणि सेल्फ मारला, तर आतून बुडबुड्यांची माळच निघाली. पंप हवा ओढत होता.

दोष माझ्या आदल्या दिवशीच्या कामात होता. फिल्टर नवा घातला, पण भांड्याची ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) जुनीच ठेवली. रबर थंडीत आखडतं आणि ताठरतं. बोटांनी दाबून पाहिली तर चपटी, कडक. ओढीच्या बाजूची गळती बाहेर ठिबकत नाही, हवा गुपचूप आत जाते, आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं. नवी रिंग डिझेल लावून बसवली, एअर काढली, गाडी लागली.

ओढ कमी, बुडबुडेही नाहीत आणि तरी प्रेशर नाही, असं दिसलं तर संशय फीड पंपावर किंवा उघडा अडकलेल्या ओव्हरफ्लो वाल्व्हवर (जादा डिझेल परत सोडणाऱ्या झडपेवर) घ्या. नवा फिल्टर घालूनही ओढ 15 वरच राहिली तर गेज फिल्टरच्या आधी लावा. तिथेही तेवढीच ओढ दिसली तर टाकीतली जाळी किंवा पाइप बुजलाय. फिल्टरला हीटर असेल तर त्याचा फ्यूज निघण्याआधीच तपासून घ्या.

काही गोष्टी कळकळीने सांगतो. टाकीखाली आग पेटवू नका. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळू नका. रॉकेलने मेण सुटायला उशीर होतो, पण वंगण कमी होतं आणि हाय प्रेशर पंप त्याच डिझेलच्या वंगणावर चालतो, म्हणून मॅन्युअल परवानगी देत असेल तरच. कॉमन रेलच्या गाडीचे नोझलकडचे पाइप इंजिन चालू असताना सैल करू नका, ती धार कातडी फोडून आत शिरते. गोठू नये म्हणून मिळणारं औषध डिझेल गढूळ होण्याआधीच टाकायचं असतं. एकदा मेण सुटलं की त्याचा उपयोग नाही. सेल्फ मी एका वेळी 30 सेकंदांच्या वर मारत नाही, मधे 2 मिनिटं थांबतो. केबिनमध्ये दोन फिल्टर, त्यांच्या सगळ्या ओ-रिंगा आणि हातभर पारदर्शक पाइप असू द्या.

परतीच्या रात्री उणे 16 ला गाडी उभी होती, फिल्टरची बाजू वाऱ्यापासून आडोशाला. सकाळी चौथ्या सेकंदाला लागली. ओढ 4 इंच, प्रेशर 5 बार.