नकाराची दीड ओळ

बाबांच्या अपंगत्व पेन्शनला नकार देणारं पत्र दीड ओळीचं होतं. बाबांचा रक्तदाब लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत वाढलेलाही नाही. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबांनी ते घडी घालून ठेवलं आणि माडांना पाणी सोडायला गेले. राग मला आला. अजून आहे.

बाबा १९९६ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि २०२० मध्ये हवालदार म्हणून घरी, डिचोलीला आले. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी. पेन्शनला २० टक्के पुरतात. सगळं अडलं ते कारणावर. आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर सापडला, म्हणून तो सेवेचा नाही! पण त्याआधी हा माणूस सियाचीनला राहून आला होता, त्याचं काय?

अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. मी माहिती अधिकारात बोर्डाचे आणि भरतीच्या वेळचे वैद्यकीय कागद मागवले. भरतीच्या कागदावर आजाराची एकही नोंद नाही. हाच कागद महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे की, अशी नोंद नसेल तर माणूस भरतीवेळी निरोगी होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करायचं ओझं सैनिकावर टाकायचं नाही. तुमच्या घरात असं पत्र आलं असेल तर आधी हे कागद मिळवा.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. आता दुसरं. तेही गेलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्या गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ.

या वेळी मला सियाचीनहून आलेलं एक पत्र जोडायचं होतं. त्यात बाबांनी लिहिलंय, ‘रात्रभर डोकं ठणकतं, झोप नाही.’ बाबा तयार होईनात. म्हणाले, ‘‘ते तुझ्या आईला लिहिलंय, साहेबांना नाही.’’ दोन दिवस घरात तो विषय निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी आईच बाजारात जाऊन झेरॉक्स काढून आली, वरच्या चार ओळींवर कोरा कागद ठेवून.