चॉकलेटी टाइल

प्रतापनगरातलं हे घर बघायला आलो तेव्हा मी बाकी सगळं नीट पाहिलं होतं. ओटा, गॅलरी, कूलर ठेवायला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आहे की नाही. (नागपुरात भाडेकरू आधी स्टँड बघतो, बेडरूम नंतर.) न्हाणीघराचं दार मात्र घरमालक काकूंनी अर्धंच उघडलं, दिवा लावला, "हे बाथरूम" म्हणाल्या आणि दिवा बंद केला. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

4 बाय 6 ची खोली. संडास वेगळा, एवढंच नशीब. भिंतींना खांद्यापर्यंत चॉकलेटी टाइल्स आणि दर चौथ्या टाइलवर एक मळकट पिवळं फूल. त्याच्या वर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट, तोही पोपडे धरलेला. व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्यांवरसुद्धा तोच पिस्ता फासलेला. रंगाऱ्याकडे डब्यात उरला असणार. नळाखालची एक टाइल अर्धी फुटलेली, आतलं सिमेंट दिसायचं. आणि या सगळ्यावर ताक शिंपडून वाळवावं तसा पांढुरका थर. आरशाशेजारी आधीच्या भाडेकरणीच्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. मोजल्या तर अकरा. करारही अकरा महिन्यांचाच असतो, त्यामुळे ती दर महिन्याला एक टिकली लावून दिवस मोजत होती की काय, असं मला पहिल्या आंघोळीला वाटून गेलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिचं ठरलेलं उत्तर आलं, "भाड्याच्या घरात कशाला पैसे घालते?" नवऱ्याचं म्हणणं त्याहून सोपं होतं. तो चष्मा काढून आंघोळीला जातो. त्याला टाइल्स दिसतच नाहीत.

मला दिसत होत्या. आणि खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, अशी काकूंची पहिल्याच दिवशी ताकीद होती. मग मी सगळे भाडेकरू करतात तेच केलं, चिकटवण्याच्या वस्तू मागवल्या. संगमरवरासारखा दिसणारा स्टिकरचा रोल, चिकटणारे हुक, साबणाचं चिकटणारं कपाट. हुकाच्या पाकिटावर 5 किलो लिहिलेलं होतं. ओला टॉवेल 5 किलोंचा नसतो, पण दुसऱ्या दिवशी टॉवेल हुकासकट बादलीत होता. संगमरवर तीन दिवस टिकला. चौथ्या रात्री दोन वाजता न्हाणीतून असा फर्रर्र आवाज आला की नवरा चष्मा न लावताच उठला. पूर्ण पट्टा भिंतीवरून सुटून, गुंडाळी होऊन फरशीवर पडला होता.

हे कोडं प्लंबरदादांनी सोडवलं. ते आले होते गळका नळ बघायला. पडलेला हुक उचलून त्यांनी त्याची मागची बाजू मला दाखवली. चिकटपट्टीवर पांढरी भुकटी लागलेली होती.

"ताई, हे बोरचं पाणी आहे. तुम्ही ज्याच्यावर चिकटवून राहिल्या ना, ते टाइल नाहीच. ते क्षार आहेत. आधी टाइलपर्यंत जा तर खरं."

स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचं, पेंच धरणाचं पाणी येतं. न्हाणीला बोर जोडलेली. बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. साबणाचीही तीच कथा, या पाण्यात त्याला फेस येत नाही, चिकट साय होते आणि ती भिंतीवर जाऊन बसते. अशी वर्षानुवर्षांची पुटं. त्यावर डिंक लावणं म्हणजे पीठ पसरलेल्या परातीला टेप लावणं.

मी ॲसिडची बाटली आणणार होते. पिशवीतून डोकावणारं बूच जरी दिसलं असतं तरी काकूंनी जिन्यातच अडवलं असतं, पण मी बाहेर पडतानाच विचारायची चूक केली.

"ॲसिड नको टाकू बरं, बेटा. मागच्या पोट्ट्यांनी टाकलं होतं. भिंत चमकली दोन दिवस, आणि माझ्या स्लॅबले ओल आली."

काकूंचं रसायनशास्त्र पक्कं होतं. ॲसिड क्षारांना खातं तसंच टाइल्समधल्या फटींतल्या सिमेंटलाही खातं, आणि मग पाणी फटींतून खाली उतरतं. त्यात ते घासताना कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, तोही अशा कोंदट खोलीत. म्हणून मी किराणा दुकानातून निंबूसत आणलं. ढोकळ्यात घालतात तेच. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे, त्यात भिजवलेलं जुनं फडकं नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचं. बारीक बुडबुडे येताना ऐकू येतात, अगदी कान लावला तर. फडकं काढलं आणि नळ स्टीलचा निघाला. इतके दिवस मी त्याला प्लास्टिकचा समजत होते.

मग हुकांपुरते चौकोन भिंतीवर घासून घेतले. ते चौकोन बाकी भिंतीपेक्षा गडद दिसायला लागले. मला वाटलं, ओल असेल.

व्हेंटिलेटरला एक रविवार गेला. ब्लेडने पिस्ता खरवडत गेले तसा तो लांब सालींसारखा निघत गेला. शेजारच्यांची गच्ची दिसते म्हणून खालच्या पट्ट्या तशाच ठेवल्या, वरच्या दोन मोकळ्या केल्या. तेवढ्यातून सकाळी सातला उन्हाची एक तिरकी पट्टी येते आणि बरोबर मगवर पडते. बल्ब बदलून 9 वॅटचा एलईडी लावला होता, पण खरं सांगायचं तर सगळ्या खर्चात दहा रुपयांच्या ब्लेडने जे केलं ते कशानेच केलं नाही.

वासाचं मात्र मे महिन्यात कळलं. आठवडाभर अमरावतीला जाऊन आलो तर घरात गटाराचा भपका. मी फिनेल ओतायला निघाले होते. फरशीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी खालचा वास अडवतं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या उन्हात बंद घरात ते आटून गेलं होतं. उपाय, एक मग पाणी. आता गावाला जाताना शेजारणीला तुळशीबरोबर हेही काम सांगते, "न्हाणीत एक मग टाकून द्या." ती आधी विचित्र नजरेने बघायची. नवतपात नळाला तसंही चहाचंच पाणी येतं. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते, म्हणून पहाटे पाचला दोन बादल्या भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी त्यातलं गार पाणी वापरायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, एकदा भाजल्यावर कळलं.

राहिल्या टाइल्स. टाइल्सवर मारायचा पांढरा रंग मिळतो म्हणतात. फोनवर रंगांची पाटी उघडून, परवानगी मागायची म्हणून मी काकूंना वर बोलावलं. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या. नळ बघितला, वरचं ऊन बघितलं. मग आत जाऊन एका फुलावरून अंगठा फिरवला.

"ह्या मी निवडल्या होत्या. इतवारीतून. 96 साली. तेव्हा आम्ही वर राहायचो, खाली भाडेकरू होते. दुकानदार म्हणे, बाई, पांढऱ्या घ्या. मी म्हटलं, पांढऱ्या दवाखान्यात असतात."

मी फोन ओढणीत गुंडाळला.

"तू काय विचारणार होती?"

"फुटकी टाइल बदलायचं विचारत होते," मी म्हटलं. एवढं खोटं चालतं. "पण अशी आता कुठे मिळणार?"

काकू काही न बोलता गच्चीवर गेल्या. कूलरच्या जुन्या ताट्या, गंजलेली सायकल, दोन कुंड्या, अशा ढिगातून त्यांनी एक खोका काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन टाइल्स होत्या. एक फुलाची.

प्लंबरदादांनी रविवारी ती बसवली. फटीत पांढरं सिमेंट भरलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि मागे सरकून बघितलं. चॉकलेटी नव्हतीच ती. उसाच्या काकवीचा असतो तसा लालसर, आतून उजळलेला रंग. आणि फूल पिवळं नव्हतं, केशरी होतं.

"ताई, आता हे एकटंच दिसून राहिलं," ते म्हणाले.

तेव्हापासून आंघोळीच्या आधी मी निंबूसताचं फडकं एका टाइलवर लावून ठेवते आणि दात घासून झाले की ती घासते. मी मोजल्यात, एकूण 130 च्या आसपास आहेत. नऊ झाल्यात, त्यांत फुलांच्या दोन. टिकल्यांची टाइल वगळून चाललेय. नवऱ्याने काल चष्मा न काढताच आत जाऊन विचारलं, या दोन-चार नव्या कधी बसवल्या.