‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’चा सराव: तिसरा बोर्ड

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीच्या ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ची नक्कल करून बघतोय. काल रात्री तिसऱ्या बोर्डावरची घडी, म्हणजे घरं अगदी अरुंद होतात ती जागा, एकदाची आत गेली! दिव्यासमोर उभा धरला, चार पावलं मागे सरलो, तर सपाट पुठ्ठ्यात खरंच खोल खाच दिसायला लागली.

रायलीचं मूळ चित्र १९६१चं, हार्डबोर्डवर टेम्पेरा रंगात, साधारण १२३ बाय १२१ सेंटिमीटर. माझा बोर्ड जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद, रंग पोस्टर कलर. काळी-पांढरी घरं, छायाप्रकाश कुठेच नाही. घरांची उंची तीच राहते, रुंदी तेवढी घटत जाते आणि पुन्हा वाढते. एवढ्यानेच डोळा पृष्ठभाग वाकवतो.

पहिल्या बोर्डाची रुंदी मी गणिताने काढली होती. १५ सेंटिमीटर त्रिज्येचं नळकांडं धरून दर १० अंशांना एक रेघ: २.६, २.५, २.४, २.१, १.८, १.५, १.१, ०.७ सेंटिमीटर आणि शेवटचं घर २ मिलिमीटर. उजवीकडे हेच उलट. गणित बरोबर आलं, चित्रात मात्र जीव नव्हता. दोन पाइप शेजारी ठेवावेत तसं दिसलं. मूळ चित्राच्या छापील प्रतीवर पट्टी ठेवली तेव्हा कळलं, रायलीची घडी मधोमध नाहीच. ती उजवीकडे सरकलेली आहे. डावीकडून नजर बराच वेळ घसरत येते, घडीत ओढली जाते आणि पलीकडे लगेच बाहेर पडते. सगळी ओढ त्या सरकण्यात आहे. म्हणून यंदा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. कागदाच्या पट्ट्या कापून फरशीवर मांडल्या आणि उभ्याने बघत सरकवत राहिलो. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, पण घडी तिथेच सापडली.

दुसऱ्या बोर्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मास्किंग टेपखालून रंग झिरपला.

आता ४ मिलिमीटरच्या आतल्या घरांना टेप लावतच नाही. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेपासून पडून असलेलं रुलिंग पेन (दोन पात्यांमध्ये रंग भरून रेघ ओढायचं पेन) काढलं; रंग दुधाइतका पातळ केला की रेघ सलग येते. आणखी एक: मोजून सारख्या केलेल्या बारीक पट्ट्यांत पांढरी पट्टी काळीपेक्षा जाड दिसते. तिथे काळ्याची कड केसभर बाहेर घेतली, तेव्हा कुठे दोन्ही सारख्या वाटल्या.

पुढचा बोर्ड रायलीच्याच १९६३च्या ‘फॉल’ या चित्राचा. त्यात एकच वक्र रेषा शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा येते, म्हणून जाड पुठ्ठ्याचा साचा कापायला घेतलाय. त्याची कड अजून पॉलिश पेपरने घासायची आहे.