हो, पिसूच मोजते मी

पाण्यातल्या पिसू मोजून मी करते काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी आपणहून कधी काढत नाही. लग्नात, बारशाला, यावल-जळगाव एसटीत, कॉलेजच्या गेटवर, सगळीकडे एकच. "तू त्या पाण्यातल्या पिसू मारते म्हणे?" आणि हो म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, की मग त्याचं करता काय. गावी मामांनी तर भर पंगतीत विचारलं, भरीत-पुरी चालू होती आणि मामा त्या टोकावरनं ओरडले, "काय व, पिसू मारायचा पगार भेटतो का तुले?" अख्खी पंगत हसली, मीही हसले आणि पानातलं भरीत संपवलं. पण आता नीटच सांगते.

पहिलं म्हणजे ती पिसू नाहीये. कुत्र्याच्या अंगावरची पिसू हा कीटक, आणि ही आमची डॅफ्निया म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या भावकीतली. पाण्यात टुणूक टुणूक उड्या मारल्यासारखी पोहते म्हणून पिसू हे नाव पडलं, बाकी ती कोणाला चावत नाही की काही नाही, शेवाळ खाते आणि माशांच्या पोटात जाते. आमच्याकडे असते ती डॅफ्निया मॅग्ना, मोठी मादी तांदळाच्या कणीएवढी आणि नवं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. अंग एवढं पारदर्शक की मायक्रोस्कोपखाली धरलं तर हृदय धडधडताना दिसतं, आतड्यात शेवाळाची हिरवी रेघ दिसते, पाठीवरच्या पिशवीत पिल्लं वळवळताना दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एमएस्सीला होते आणि तासभर उठलेच नव्हते.

आणि सगळ्या माद्या. खाणंपिणं नीट असेल, गर्दी नसेल, तर नराची गरजच नाही, मादीला मादीच होते आणि ती हुबेहूब आईसारखी. मामीला हे सांगितलं तर म्हणे "माय व, बरं आहे की, सोयरीकच जमवायला नको." पण टेस्टसाठी हीच मोठी सोय आहे, कारण शंभर पिल्लं घेतली तरी रक्त एकच, म्हणजे एक पडली आणि दुसरी नाही पडली तर दोष खानदानाचा नाही, पाण्यात काय टाकलं त्याचा. उलट टाकीत नर दिसायला लागले, किंवा माद्यांच्या पाठीवर ती कडक काळी अंडी दिसायला लागली (ती चिखलात पडून कोरडा दुष्काळ पण काढतात), की समजायचं ह्यांचं काहीतरी बिनसलंय, आणि त्या टाकीतली पिल्लं टेस्टला घ्यायची नाहीत.

तर टेस्ट. एखादं केमिकल पाण्यात गेलं तर थोड्या वेळात, म्हणजे ४८ तासांत, ह्या जिवाला कितीला बाधतं, एवढंच बघायचं. ओईसीडी ही बऱ्याचशा श्रीमंत देशांची संघटना, तिची २०२ नंबरची गाइडलाइन आहे, १९८४ची, २००४ला सुधारली. आदल्या संध्याकाळी पोटुशा माद्या वेगळ्या काढायच्या, सकाळी त्यांनी घातलेली पिल्लं गाळून घ्यायची, म्हणजे प्रत्येक पिल्लू २४ तासांच्या आतलं. मग केमिकलची निदान पाच पाणी करायची, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, समजा लिटरला १, २, ४, ८, १६ मिलिग्रॅम असं. प्रत्येक पाण्याचे चार बीकर, प्रत्येक बीकरात पाच पिल्लं, म्हणजे एका पाण्यात वीस. आणि एक काहीही न टाकलेलं, साधं पाणी, त्याला कंट्रोल म्हणतात, त्यातही वीस. झाली एकशेवीस. दोन दिवस खायला काही द्यायचं नाही, तापमान १८ ते २२च्या मधे आणि तेही एका डिग्रीच्या वरखाली हलू द्यायचं नाही, आणि हे जळगावात, जिथे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. एकदा दुपारी दोनला लाइट गेली ती साडेपाचला आली, तोवर खोली तीसला पोचली होती, दीड दिवसाची टेस्ट सिंकमध्ये ओतली. असो.

पिल्लू सोडायलाही हात लागतो. ड्रॉपरचं तोंड पाण्याच्या आत बुडवूनच सोडायचं. वरून थेंब टाकला की त्याच्या कवचात हवा अडकते आणि ते पृष्ठभागावर चिकटून बसतं, मग नुसतं तरंगतं, आणि नवीन पोरं येऊन सांगतात मॅडम हे मेलं. नाही रे बाबा, तू तरंगवलंस त्याला.

आणि मरण्याचं म्हणाल तर आम्ही मेलेली मोजतच नाही. हे कोणाला पटत नाही. २४ तासांनी आणि ४८ तासांनी बीकर हळूच हलवायचा आणि पंधरा सेकंद बघायचं. पोहली तर ठीक, नाही पोहली तर ती "अचल" म्हणून वहीत. शिंगं हलतायत, पण जागचं हलता येत नाही, तरी अचलच. मायक्रोस्कोपखाली घेतलं तर कितीदा हृदय चालू असतं. सुरुवातीला मला हे खोटं वाटायचं, जिवंत आहे आणि मी बाद लिहितेय. पण तळ्यात जी पिसू पोहू शकत नाही तिला खायला मिळत नाही, ती तळाशी जाते, आणि एवढ्या बारक्या जिवात नक्की मेली कधी हे दोन माणसं दोन सांगतील. पोहली की नाही पोहली हे मात्र दोघं एकच सांगतात. शेवटी आकडेमोड करून काढायचं की कितीला निम्म्या पिसू थांबल्या, तो ईसी-५०. एक आकडा. लिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याच्या आत निम्म्या थांबल्या तर ते केमिकल जलचरांसाठी सगळ्यात वरच्या घातक वर्गात जातं, एक ते दहा त्याच्या खाली, दहा ते शंभर त्याच्या खाली.

पगाराचं पण सांगून टाकते. मी सहा वर्षं गुजरातेत एका लॅबमध्ये होते, तिथे हेच काम दिवसरात्र. कंपनीला नवीन औषध परदेशात विकायचं तर हा आकडा द्यावा लागतो, आणि २०११ पासून आपल्या जीएलपी लॅबचा, म्हणजे काम आणि नोंदी ठरलेल्या कडक नियमांनी करणाऱ्या लॅबचा, डेटा ओईसीडीच्या देशांत चालतो म्हणून काम भरपूर. पेन्सिल बंद, खाडाखोड बंद, चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, सही करायची, तारीख टाकायची. माझी किराणाची यादी पण आता तशीच असते. आता जळगावात शिकवते आणि डिपार्टमेंटच्या एका छोट्या खोलीत पोरांकडून हीच टेस्ट करून घेते, कोणी पैसे देत नाही, फक्त खोलीचा एसी चालू ठेवू देतात हेच उपकार.

आता कंट्रोलचं, कारण खरं काम तिथे आहे. साध्या पाण्यातल्या वीसपैकी दोन थांबल्या तर चालतं, दहा टक्के. तीन थांबल्या की अख्खी टेस्ट बाद, केमिकलच्या पाण्यात काय झालं ते कितीही सुंदर दिसू दे. कॉलेजमधली पहिलीच टेस्ट, पोरं नटूनथटून आलेली, आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलमध्ये नऊ गप्प. वीसातल्या नऊ! परत केली, अकरा. मी साबण बघितला, बीकर बघितले, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बघितलं (ते पिसूला लगेच लागतं, म्हणून पाणी दोन दिवस उघडं ठेवून हवा सोडून घेतो), टाकीतल्या माद्या बघितल्या, त्या ठणठणीत. तीन आठवडे गेले. मग एक दिवस लवकर पोचले तर चोपड्याची एक पोरगी पाणी ओतत होती, कशातून, तर तांब्याच्या हंड्यातून. लखलखीत चिंच लावून घासलेला. विचारलं तर म्हणे मॅडम, आजीनं दिला, पाणी दोन दिवस ठेवायचं म्हणालात ना, प्लास्टिकपेक्षा तांब्याचं शुद्ध असतं.

तिला काय बोलणार. आजीचं माणसांपुरतं काही चुकत नाही, पण डॅफ्नियाला तांबं म्हणजे जहर, लिटरला शंभराच्या आतले मायक्रोग्रॅम पण पुरतात, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ज्या मोरचूदाचं बोर्डो, म्हणजे बुरशीचं औषध, करून आपण झाडावर फवारतो ते तांबंच की. तो हंडा मी परत केला नाही, कपाटावर ठेवलाय, नवीन बॅच आली की आधी त्याची गोष्ट सांगते मग गाइडलाइन.

पण मामांचा प्रश्न राहिलाच, की मग त्याचं काय होतं. त्याचं उत्तर मला मामांच्याच ओट्यावर सापडलं, म्हणजे अर्धंमुर्धं. मागच्या पावसाळ्यात मामांनी कपाशीवर फवारायच्या औषधाचे दोन डबे माझ्यापुढे ठेवले. एक बोंडअळीचं क्लोरँट्रानिलिप्रोल, डब्यावर हिरव्या त्रिकोणाचं. दुसरं मावा-तुडतुड्याचं इमिडाक्लोप्रिड, पिवळ्या त्रिकोणाचं. "हे हिरवं गरीब आहे, हे पिवळं जहरी. बरोबर ना?"

मी म्हणलं मामा, त्रिकोण तुमच्यासाठी आहे. तो उंदरांवरून ठरतो, तोंडातून किंवा कातडीतून किती गेलं तर निम्मे उंदीर मरतात त्यावरून. हिरव्याला तोंडातून वजनाच्या किलोला ५००० मिलिग्रॅमच्या वर लागतं, पिवळ्याला ५१ ते ५००च्या मधे पुरतं. त्यात पिसूचा काही संबंध नाही. पिसूला विचारलं तर उलटं आहे. ह्या पिवळ्याचा डॅफ्नियाचा ४८ तासांचा आकडा लिटरला ८५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिला ते जवळजवळ पचतं. आणि हिरवं गरीब म्हणता ना, त्याचा ०.०११६ मिलिग्रॅम. सात हजारपटीहून जास्त फरक.

मामा थोडा वेळ डब्यांकडे बघत बसले. मग म्हणे, "म्हणजे पिवळं चांगलं?"

तेही नाही ना! ते पिवळं कीटकांच्या नसांवर काम करतं, आणि डॅफ्निया कीटक नाही, म्हणून ती वाचते. त्याच नाल्यात मेफ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात, दगडाखाली, मासे त्याच खातात, त्यांना हे लिटरला काही मायक्रोग्रॅममध्येच बाधतं. आणि आम्ही ४८ तास बघतो, डॅफ्निया तीन आठवडे त्या पाण्यात राहिली तर पिल्लं किती घालेल ही वेगळी टेस्ट, २१ दिवसांची. औषध उन्हाने किती मोडेल, गाळाला किती चिकटेल, ते वेगळंच. पिसू एवढंच सांगते की ह्या पाण्यात दोन दिवसांत मी कितीला थांबले.

"मग एवढं करून काय भेटलं तुले," मामा म्हणाले, आणि ते चिडवत नव्हते, खरंच विचारत होते.

मी कागद घेतला. तुमच्या हिरव्या डब्यात एका मिलीत साधारण २०० मिलिग्रॅम औषध. भागिले ०.०११६. आलं सतरा हजार लिटरच्या वर. म्हणजे बुचात राहिलेलं एक मिली जर पाण्यात गेलं तर सतरा हजार लिटर पाण्यात निम्म्या पिसू दोन दिवसांत थांबतील, निदान कागदावर तरी. मामांना लिटर कळेना, पण उन्हाळ्यात टँकर मागवायची सवय आहे, म्हणून म्हणलं पाच हजारी ट्रॅक्टर टँकर धरा, जवळजवळ साडेतीन टँकर. एका मिलीला.

"साडेतीन," मामा म्हणाले. टँकरचा भाव त्यांना तोंडपाठ. मग हळूच, "अन् पंप तर आपण पाटात धुतो."

मी म्हणलं रिकामा डबा तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, पिकावर जाऊ द्या, पैसे दिलेत तुम्ही त्याचे. आणि पंप शेतातच धुवा, बांधाच्या आत, पाटापासून लांब.

परवा फोन आला. डबा तीनदा विसळला म्हणे, मोजून, पाणी पंपात ओतलं. आणि पंप? तर तो गड्यानं नेहमीसारखा पाटातच धुतला, मामा घरी जेवायला गेले होते.

मी म्हणलं त्याला द्या फोन.